लाल दिवा लागल्यावर

सकाळपासून हरिणी बातम्यांचा कागद पुन्हा पुन्हा वाचत होती. विद्यापीठाच्या माध्यम विभागाला काचेची नवी इमारत मिळाली, तीन कॅमेरे आले, आणि तिथून आज पहिलं थेट प्रक्षेपण. तमिळ बातम्या तिनं वाचायच्या. नीट वाचल्या तर वर्षभर ती खुर्ची तिची. अडखळली तर तिच्या वर्गातल्या राजमची. विभागप्रमुख वासुकी मॅडमनी हे तोंडावर सांगितलं होतं.

तंजावरच्या मराठी घरांना एक जुनी खोड आहे. बसमध्ये, दुकानात, लग्नाच्या पंगतीत, समोरच्याबद्दल काही बोलायचं तर बिनदिक्कत मराठीत बोलायचं. कुणाला कळतंय! हरिणी याच तालमीत वाढलेली.

चार बातम्या झकास झाल्या. पाचवीची चित्रफीत मात्र सुरूच होईना. कानातल्या यंत्रातून प्रणवेश कुजबुजला, "हरिणी, थांब, येतंय!" तोही मराठी घरातला, आज तांत्रिक कक्ष सांभाळत होता.

लाल दिवा चालू होता, माईकही चालू होता, आणि ते तिला पक्कं ठाऊक होतं. तरी ती कॅमेऱ्याकडे पाहून गोड हसली.

"लौकर कर की रे. मॅडम कांचेपलीकडे देवाचें नांव घेत उभ्या आहेत. मजहून त्यांस भय ज्यास्ति. नवी साडी उलटी नेसल्यात, कोण्ही सांगितलें पण नाहीं, अय्यो!"

चित्रफीत आली. बातम्या संपल्या. मॅडमनी धावत येऊन तिला मिठी मारली.

"खुर्ची तुझी! पण मध्ये ते काय पुटपुटलीस?"

"प्रार्थना, मॅडम."

तेवढ्यात फोन खणखणू लागले. पापनाशमहून, तिरुवैयारुहून, सगळीकडून एकच विचारणा: आमची भाषा बोलणारी ही मुलगी कुणाची? हरिणीला हसू आवरेना, रडूही आवरेना. मॅडम तर हरखूनच गेल्या. "दर आठवड्याला अर्धा तास तुमच्या मराठीत! तूच करायचास."

पुढचा फोन त्यांनी मोठ्या आवाजावर लावला. ओरत्तनाडूच्या कमलाक्षी आजी मॅडमशी तमिळमध्ये बोलू लागल्या.

"पोरगी गुणाची आहे हो. पण बाई, साडी बदललीत ना?"

मॅडमनी निऱ्यांकडे पाहिलं. मग हरिणीकडे. खुर्ची गेली, अर्धा तासही गेला, हरिणीनं मनाशी धरलंच. तांत्रिक कक्षातून नुकताच आलेला प्रणवेश टेबलाखाली काहीतरी शोधू लागला.

आणि मॅडम हसत सुटल्या, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. पदर सावरत त्या साडी बदलायला निघाल्या, दारात थांबल्या.

"पुढच्या आठवड्यापासून ही प्रार्थना मलाही शिकव."