नववं कलम

मनीषा देवस्थळी बर्मिंगहॅमच्या एका सिक्स्थ फॉर्म कॉलेजात, म्हणजे सोळा ते अठरा वर्षांच्या मुलांच्या कॉलेजात, एकवीस वर्षं इतिहास शिकवत होती आणि गेली सहा वर्षं तिथल्या युनियनची प्रतिनिधी होती. हे दुसरं काम तिच्या गळ्यात पडलेलं होतं. आधीचा प्रतिनिधी वेल्सला निघून गेला, मीटिंगमध्ये सगळे आपापल्या बुटांकडे बघत बसले, आणि कुणीतरी हात वर करायला हवा म्हणून तिने केला.

तिचा पेपर अमेरिकेचा होता. स्वातंत्र्यानंतरची पहिली साठेक वर्षं. त्यातलं राजकारण, म्हणजे पक्ष, निवडणुका आणि राज्याराज्यांतली भांडणं, ती स्वतः शिकवायची. पश्चिमेकडे सरकत गेलेली वस्ती आणि १८१२चं ब्रिटनशी झालेलं युद्ध हा भाग तनूजा राजहंसकडे होता. तनू पुण्याची, चौतीस वर्षांची. नवरा अनुप एका बँकेत सॉफ्टवेअरचं काम करायचा, त्याच्या व्हिसावर ती आली होती. याच विषयात पीएच.डी. असूनही कॉलेजने तिला तासांवर ठेवलं होतं. जितके तास शिकवेल तितक्यापुरतीच नोकरी, ती जूनमध्ये संपायची, आणि सप्टेंबरमध्ये बोलावणं आलं तर आलं. स्टाफरूममध्ये अशांना ‘अवरली’ म्हणत. ते तेवीस जण होते.

जानेवारीत कॉलेजने अकरा कायम शिक्षकांना कमी करायचं जाहीर केलं. स्ट्राइकचा ठराव झाला. पण अवरली लोक आत वर्ग घेत राहिले तर बाहेर थंडीत उभं राहून काही उपयोग नव्हता, हे सगळ्यांनाच कळत होतं. म्हणून मनीषा तनूकडे गेली.

तनू किटलीपाशी उभी होती. तिने शांतपणे ऐकून घेतलं.

“मनीषाताई, तुम्ही बाहेर पडलात तर तुम्हाला काढायला त्यांना कागद रंगवावे लागतील. आम्हाला काढायला काहीच करावं लागणार नाही. सप्टेंबरमध्ये फोन नाही केला की झालं.”

“माहितीये मला. म्हणूनच तुमची मागणी आम्ही पहिल्या नंबरवर घेतलीये. तेवीसच्या तेवीस जणांना कायम कॉन्ट्रॅक्ट.”

“आणि ते नाही म्हणाले तर?”

“तर मी सही करणार नाही. तुम्हाला सोडून नाही करणार.”

तनूने चहाची पिशवी पिळून कचऱ्यात टाकली. “ठीक आहे. बाकीच्यांशी मी बोलते.”

ती खरोखरच बोलली. गणिताच्या, ड्रामाच्या, इंग्लिशच्या एकेका शिक्षकाला गाठून तिने पटवलं. संपाच्या पहिल्या सकाळी बावीस जण गेटवर हजर होते. राहिलेल्या एकाला फ्लू झाला होता, आणि त्याने घरून तसा फोटोही पाठवला.

फेब्रुवारी-मार्चमध्ये मिळून अकरा दिवस संप चालला. एका ओल्या बुधवारी काही विद्यार्थी गेटवर आले. परीक्षा जवळ आली होती, त्यांना काळजी वाटत होती. तनू एका घडीच्या खुर्चीवर उभी राहिली आणि तिने तिथेच युद्धाचा धडा घेतला. मनीषा हातात फलक धरून मागे उभी राहून ऐकत होती.

तनू सांगत होती, “ब्रिटनचं सैन्य युरोपात नेपोलियनशी लढण्यात गुंतलेलं. कॅनडा राखायला माणसं नाहीत. मग लढलं कोण? शॉनी आणि त्यांच्याबरोबरची बाकीची मूलनिवासी राष्ट्रं. अमेरिकेची वस्ती त्यांच्या जमिनींवर चढत चालली होती, आणि ब्रिटिश म्हणाले, आमच्या बाजूने लढा, तुमचा स्वतंत्र मुलूख राहील. ती माणसं लढली. त्यांचा नेता टेकमसे लढाईत पडला. पुढे १८१४ मध्ये बेल्जियममधल्या घेंट गावात तहाची बोलणी सुरू झाली. ब्रिटिशांची पहिली अट हीच, की आमच्या मित्रांना त्यांचा मुलूख द्या, नाहीतर तह नाही.”

“मग दिला?” कुणीतरी विचारलं.

“अमेरिकन नाही म्हणाले. ब्रिटिश दमलेले होते. फ्रान्सशी लढाई वीस वर्षं चालू होती, घरी लोक कंटाळले होते. शरद ऋतू येईपर्यंत त्यांनी अट सोडून दिली.”

आर्या नावाची एक मुलगी होती, आजोबा सत्तरच्या दशकात इथे आलेले. ती तनूशी हट्टाने मराठीत बोलायची. “पण मिस, मग त्या लोकांचा काय झाला? ते तिकडे होते ना, घेंटला?”

“नाही. त्यांना कुणी बोलावलंच नव्हतं. त्यांच्या वाट्याला एक कलम आलं, नववं. १८११ मध्ये त्यांचं जे होतं ते त्यांना परत मिळावं, असं.”

“मिळाला?”

“नाही.”

“कोणी चेक नाय केला?”

“कोण करणार?” तनू म्हणाली, आणि पावसाचा जोर वाढल्यामुळे धडा तिथेच थांबला.

मार्च सरता सरता गेटवरची माणसं कमी होऊ लागली. कुणाची आई आजारी, कुणाला घराचा हप्ता, कुणी काही न सांगताच आत जायला लागलं. संपाच्या दिवशी मनीषा सहाला उठायची, अकरा नंबरच्या बसने यायची, फलक बाहेर काढायची, ईमेलना उत्तरं द्यायची. तिला नीट झोप लागून महिना झाला होता. पाय इतके दुखायचे की बसमधून उतरताना ती खांब धरून क्षणभर उभी राहायची.

वाटाघाटी प्रिन्सिपॉलच्या ऑफिसशेजारच्या लहान खोलीत व्हायच्या. तिकडून प्रिन्सिपॉल हेलन प्राइस आणि एचआरचा माणूस, इकडून मनीषा आणि युनियनचा विभागीय अधिकारी कॉलिन. सहाव्या बैठकीत हेलनने एक कागद पुढे सरकवला. अकराच्या अकरा कायम जागा राहतील. अवरली लोकांबद्दल मात्र एक अक्षरही नव्हतं.

“याच्यापुढे माझ्या हातात काही नाही,” हेलन म्हणाली. तीही दमलेली दिसत होती, डोळ्यांखाली काळं आलं होतं.

मनीषाने दोन दिवस मागून घेतले. कायम शिक्षकांची मीटिंग बोलावली. तिथे कुणी वाईट बोललं नाही. सगळेच म्हणाले, अवरली लोकांचं फार वाईट वाटतं. मग एकेक जण म्हणाला, पण घेऊन टाकू या. हात वर झाले. कॉलिन तिच्या कानाशी म्हणाला, “हा चांगला सौदा आहे, मनीषा. पुढच्या आठवड्यात एवढाही मिळणार नाही.”

गुरुवारी दुपारी चार वाजता ती पुन्हा त्या खोलीत बसली. रिकाम्या हाताने उठवेना, म्हणून तिने स्वतः एक वाक्य लिहून दिलं, ‘तासांवरील सहकाऱ्यांचा पुढील जागांसाठी प्राधान्याने विचार केला जाईल.’ हेलनने ते वाचलं आणि लगेच मान डोलावली. एका शब्दाचीही घासाघीस केली नाही. तेव्हाच मनीषाला कळायला हवं होतं. खरं तर कळलंही होतं. तिने सही केली.

तनू चौदा नंबरच्या वर्गात भिंतीवरची पोस्टरं काढत होती. मनीषाने दार लोटलं आणि तिच्या चेहऱ्याकडे बघूनच तनूने हातातली पिन टेबलावर ठेवली.

“केली सही?”

“केली. अकरा जागा वाचल्या.”

“आणि आम्ही?”

मनीषाने कागद दिला. तनू उभ्या उभ्याच वाचत खाली गेली आणि एका जागी थांबली.

“‘प्राधान्याने विचार.’ हे वाक्य कुणाचं?”

“माझं.”

“हे नववं कलम आहे, ताई.” आवाज चढला नव्हता. “अख्ख्या कॉलेजात फक्त आपल्या दोघींनाच हे कळणार.”

मनीषा पुढच्या बाकावर बसली. बाक मुलांच्या मापाचा होता, गुडघे अडकले. “तनू, माणसं गळत होती. मी रोज मोजत होते. अजून एक आठवडा गेला असता तर त्या अकरा जागाही...”

“मला समजतंय ते. खरंच समजतंय. मी हेच शिकवते ना, की ब्रिटिश काही राक्षस नव्हते, दमले होते.” तिने कागदाची घडी घातली. “मला एकच सांगा. आमच्यापैकी कुणी त्या खोलीत का नव्हतं?”

“त्यांनी दोघांनाच परवानगी...”

“त्यांनी? की तुम्ही मागितलीच नाहीत?”

खाली कुणीतरी व्हॅनचं दार लावलं. मनीषाला सोपं उत्तर देता आलं असतं. ते तिच्या तोंडापर्यंत आलंही होतं.

“मागितली नाही,” ती म्हणाली. “तू समोर बसली असतीस तर मला सही करता आली नसती.”

तनू पुन्हा भिंतीकडे वळून उरलेल्या पिना काढू लागली. मनीषा उठून मदत करायला गेली तेव्हा ती म्हणाली, “नको. मी करते.”

घरी नवऱ्याने, राजीवने, फोडणीचा भात केला होता. ताट पुढे ठेवत तो म्हणाला, “अकरा माणसांची घरं वाचली. तुला दुसरं काय करता आलं असतं?”

“त्यांना आत बोलावता आलं असतं.”

“त्याने निकाल बदलला असता?”

“बहुतेक नाही,” ती म्हणाली, आणि भात चिवडत बसली.

पुढच्या आठवड्यात तिने अवरली लोकांची मीटिंग बोलावली. तेवीसपैकी सात आले. तनू आली नाही. मनीषाने काय झालं ते क्रमाने सांगितलं, वाक्य कुणाचं ते सांगितलं, खोलीत त्यांना का बोलावलं नाही तेही सांगितलं. कुणी ओरडलं नाही. गणिताचे एक वयस्कर गृहस्थ उठले, बस आहे म्हणाले आणि गेले. मग मनीषाने युनियनमध्ये ठराव मांडला, की यापुढे अवरली प्रतिनिधीशिवाय कुठल्याही वाटाघाटीला बसायचं नाही. तो चार मतांच्या फरकाने मंजूर झाला. कॉलिनने तिला बाजूला घेऊन विचारलं, याची आत्ता काय गरज होती? ज्यांना गरज होती त्यांच्यासाठी तो ठराव उशिराच आला होता.

जूनमध्ये तासांची कॉन्ट्रॅक्टं संपली. सप्टेंबरसाठी पाच जणांना फोन आले. तनूला आला नाही. तिला ग्लासगोच्या एका संग्रहालयात जुनी पत्रं लावण्याचं काम मिळालं आणि अनुपने बँकेकडून तिकडे बदली मागून घेतली. निरोपाला ती स्टाफरूममध्ये आली. सगळ्यांना भेटली, मनीषालाही. “येते, ताई,” म्हणाली. वाकून पिशवी उचलली आणि गेली. मिठी मारायला मनीषाचे हात पुढे झाले होते. ते तसेच राहिले.

सप्टेंबरमध्ये नव्या टाइमटेबलमध्ये अख्खा पेपर मनीषाच्या नावावर आला. पश्चिमेकडचा विस्तार तिने कधी शिकवला नव्हता. तनूच्या सगळ्या नोट्स कॉलेजच्या ड्राइव्हवर तशाच पडल्या होत्या, आठवड्यांप्रमाणे लावलेल्या. कॉलेजच्या नियमाने त्या आता कॉलेजच्याच होत्या, कुणाला विचारायची गरज नव्हती. मनीषाने दोन दिवस त्या उघडल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी तिने तनूला ईमेल केली. माफी वगैरे काही लिहिलं नाही, ते लिहून पाहिलं आणि खोडलं. एवढंच विचारलं, ‘तुझ्या नोट्स मी वर्गात वापरल्या तर चालेल का? नाही म्हणालीस तरी चालेल, मी माझ्या तयार करेन.’

चार दिवसांनी उत्तर आलं.

‘वापरा. मुलांची काय चूक. तिसऱ्या आठवड्याचा नकाशा चुकलाय, ग्रीनव्हिलच्या तहाची रेषा मी फार उत्तरेला काढलीये. बदलायला वेळच झाला नाही. तेवढी नीट करून घ्या, नाहीतर तीच परीक्षेत लिहितील. तनूजा.’

एरवी ती खाली ‘तनू’ लिहायची.

मनीषाने उत्तरात ‘थँक्स’ लिहिलं. मग तिसऱ्या आठवड्याची फाइल उघडली, लायब्ररीतून जाडजूड अ‍ॅटलास आणला आणि रेषा शोधू लागली. ओहायोच्या उत्तरेकडून किल्ल्याकिल्ल्याने खाली उतरत नदीपाशी येणारी ती तिरकी रेषा होती. तिच्या पलीकडचं सगळं तुमचं, असं १७९५च्या त्या तहात अमेरिकेने मूलनिवासी राष्ट्रांना सांगितलं होतं. दहा-पंधरा वर्षंही ती टिकली नव्हती. माउसने ती नीट ओढता येईना. तीनदा खोडून चौथ्यांदा जमली. तोवर दुपारचा वर्ग भरायची वेळ झाली होती. तिने अठ्ठावीस प्रती छापल्या, गरम कागद छातीशी धरले आणि लिफ्ट बंद होती म्हणून जिन्याने वर निघाली, मध्ये एकदा थांबून.