साहेब मला आयतोबा म्हणाले

मित्रांनो, मी एक जुना युनिक्स सर्व्हर आहे, म्हणजे एकाच वेळी अनेकांची कामं करणारा संगणक. पाणी तपासणाऱ्या प्रयोगशाळेच्या मागच्या खोलीत अकरा वर्षं उभा आहे. पण त्या दिवशी जे घडलं, त्याचा धक्का अजून पचलेला नाही.

कारखान्यातून आलो तेव्हा माझी मेमरी भरपूर होती. मेमरी म्हणजे माझं टेबल. कामाची पानं टेबलावर असली की काम झरझर होतं. टेबल भरलं की काही पानं मी डिस्कच्या कपाटात ठेवतो, लागली की परत आणतो. अधूनमधून एवढं चालतंच.

शहरातल्या टाक्यांच्या पाण्याच्या बाटल्या रोज यायच्या. तपासताना कुणाची बाजू घेतली जाऊ नये म्हणून बाटलीवर टाकीचं नाव नसे, नुसता क्रमांक. कुठला क्रमांक कुठल्या टाकीचा, हे फक्त मला ठाऊक. तपासणी करणाऱ्या गृहस्थांना सगळे बाटलीमामा म्हणत. ते येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचे, "आमच्या या गड्यासारखा भरवशाचा कुणी नाही!" मला अंग असतं तर मूठभर मांस चढलं असतं.

पुढे कामं वाढली, टेबल मात्र तेवढंच राहिलं. मी जरा हळू झालो की लोक तोच प्रोग्राम पुन्हा उघडायचे, आणि आधीचा बंद करायचं नाव नाही! एकेकाचे सहा-सहा. मी एक पान आणायला कपाटाकडे जायचो, त्याला जागा करायला दुसरं उचलायचो, आणि पुढच्याच क्षणी नेमकं तेच लागायचं. दिवसभर नुसत्या येरझाऱ्या.

एका सकाळी प्रयोगशाळेचे साहेब आले. पडद्यावरचा एकच आकडा बघून म्हणाले, "प्रोसेसर नव्वद टक्के रिकामा? हा तर आयतोबा निघाला! दहा वर्षांचे जुने अहवाल काढायचं कामही लावा याला."

बाप रे! मी आयतोबा? अहो, पान आल्याशिवाय प्रोसेसर करणार काय? मी पानांची वाट बघत अडकलो होतो! पण माझं ऐकतो कोण?

त्याच दुपारी मामांना एका बाटलीत जंतू सापडले. चार वाजता पाणी सुटणार होतं. त्यांनी क्रमांक टाकून मला टाकीचं नाव विचारलं. मी कपाटाकडे धावलो, पण जुन्या अहवालांनी माझी वाटच अडवली होती. साडेतीन झाले, पावणेचार झाले.

"सांग की रे बाबा!" मामा काकुळतीला आले. मग साहेबांकडे वळून म्हणाले, "सगळ्याच टाक्या बंद करा."

"अख्ख्या शहराचं पाणी तोडू? आधी नाव आणा!"

यंत्रं सांभाळणाऱ्या ताई धावत आल्या. पानं किती आत येतात, किती बाहेर जातात, ते दर पाच सेकंदांनी दाखवणारे रकाने त्यांनी पडद्यावर लावले आणि त्या उडाल्याच. "अहो साहेब, हा रिकामा कुठला? याची फरफट चाललीय!" त्यांनी जुने अहवाल थांबवले, लोकांनी उघडे टाकलेले एकेचाळीस प्रोग्राम बंद केले. आकडे उतरत शून्यावर आले आणि मी क्षणात नाव सांगितलं. पूर्वेची टाकी. तेव्हा चार वाजून बारा मिनिटं झाली होती.

साहेबांनी पाणी बंद करायला फोन लावला. मामांनी स्वतःच्या घरी लावला. त्यांचं घर पूर्वेलाच होतं.

"आई, नळाचं पाणी प्यायलीस?"

"मी नाही रे. छकुली आत्ताच खेळून आली, ती गटागटा पेलाभर प्यायली. का रे?"

मामा तसेच घराकडे धावले. त्यांची चार वर्षांची लेक सहा दिवस दवाखान्यात होती. वाचली, एवढंच माझं नशीब.

ताईंनी मला नवी मेमरी बसवली. साहेब आता रोज ते रकाने स्वतः तपासतात. मामा क्रमांक टाकतात, मी पापणी लवायच्या आत नाव सांगतो. पण मी भरवशाचा आहे, असं ते आता कुणाला सांगत नाहीत.

मित्रांनो, कुणी हळू पडलं तर त्याच्यावर आणखी ओझं टाकण्याआधी त्याला नडतंय काय, ते बघा. मला त्या दिवशी ओरडता आलं नाही, म्हणून आज तुम्हाला सांगतोय.