अर्धी नवी, अर्धी जुनी

मामंजींनी वाटणीत जात्याचा वरचा दगड थोरल्या घराला दिला आणि खालचा आम्हाला, तेव्हाच मी ओळखलं की हा माणूस आपल्याला धड ठेवून अकोल्याला परत जाणार नाही.

हे मामंजी म्हणजे माझ्या नवऱ्याचे मामा, उत्तमराव. अकोल्याच्या कापूस बाजारात दलाली करायचे. साऱ्या नात्यागोत्यात त्यांचा एकच लौकिक, की उत्तमरावांच्या वाटणीत कोणाला तसूभर कमी नाही आणि तसूभर जास्त नाही. माझे सासरे गेले त्याला वर्ष होत आलं होतं. विहिरीच्या पाण्यावरून दोघा भावांचं वाजलं, आणि ऐन दसऱ्याच्या तोंडावर मामंजी वलगावला येऊन बसले. फुलमळा त्यांनी उभा चिरला. विहिरीकडची चांगली जमीन दोघांना, नदीकडची दगडगोट्याचीही दोघांना. इथवर ठीक होतं. पण एकदा हात चालू लागला की तो थांबेना. हंडा एकाला तर झाकण दुसऱ्याला. वर आम्हालाच विचारायचे, "बोला, हाये का कोणाची तक्रार?" गावची मोठी माणसं माना डोलवत होती. मी दाराआड उभी राहून थक्क होऊन बघत होते. शहाणी म्हणवणारी माणसं ही!

मग सायकलींची पाळी आली. खरं भांडण तिथंच होतं.

घरात दोन सायकली. जुनी सासऱ्यांच्या हातची, ती माझे भासरे, म्हणजे ह्यांचे थोरले भाऊ, चालवायचे. तिचं मागचं चाक पायडलाला जखडलेलं. चाक फिरलं की पायडल फिरणारच. थांबायचं असलं तर पायडल पायांनी उलटं दाबून धरायचं. हाताला ब्रेक नव्हताच. नवी अकोल्याहून आणलेली, ती आमचे हे चालवायचे. तिला फ्रीव्हील होतं, पाय स्वस्थ ठेवले तरी चाक आपलं पळत राहायचं, आणि थांबायला हँडलला दोन ब्रेक. दोघेही भाऊ पहाटे त्यांवर फुलं लादून अमरावतीच्या बाजारात जायचे. नवी कोणाची, यावरून दोघं इरेला पेटले होते.

मामंजींनी मिशीवरून हात फिरवला. "महादेव, खुशाल, कोणीच तोंड वाकडं करू नका. नवीचं मांगचं चाक अन् चेन जुनीले लावा. जुनीचं नवीले. दोघायजवळ अर्धी नवी, अर्धी जुनी. झाला का न्याय?"

लोक वाहवा करू लागले. गावच्या लोहाराला बोलावून संध्याकाळी अंगणातच चाकं बदलली. जुन्या सायकलीच्या पुढच्या चक्राचे दात एकमेकांपासून लांब लांब होते, त्यावर नवी चेन एक घर सोडून का होईना, पण बसली. हातानं फिरवली तर खडखडत फिरलीही. आमच्या सायकलीचे दात बारीक आणि जवळजवळ. त्यावर जुनी जाड चेन बसेचना. दातांवर चढायची आणि पायडल मारलं की खाली गळून पडायची. लोहारानं हातोडीनं ठोकून पाहिलं आणि हात झटकून तो निघून गेला.

ह्यांचा चेहरा काळाठिक्कर पडला. "त्याची चालते, अन् माही नाही. हा न्याय!" एवढंच बोलले. दोघा भावांची बोलचाल तर वाटणी ठरली तेव्हापासून बंदच होती. हे रात्री नीट जेवलेही नाहीत.

आता इथं मला माझ्या भासऱ्यांबद्दल सांगितलंच पाहिजे. आमच्याकडे भासऱ्यापुढे भावजयीनं तोंड उघडायचं नाही. लग्न होऊन आले तेव्हापासून मी त्यांच्याशी एक शब्द बोलले नव्हते. ते अंगणात येताना खाकरायचे, मी पदर ओढून आत पळायची. पाणी द्यायचं तर उंबऱ्यावर तांब्या ठेवून बांगड्या वाजवायच्या. नाव घ्यायचं तर नावच काढू नका. भासऱ्याचं नाव घेतलं की त्याचं आयुष्य तुटतं, असं माझी आई सांगायची. देवळातल्या महादेवालाही मी शंकरच म्हणत असे. पण माणूस सोन्यासारखा. पहिल्या बाळंतपणात मला ताप चढला तेव्हा अमरावतीहून डॉक्टरला सायकलीच्या दांडीवर बसवून आणलं ते त्यांनीच, आणि मी शुद्धीवर येईतो बाहेर ओट्यावर बसून राहिले. हे मला जावेनं सांगितलं. ते कधी काही बोलले नाहीत.

दुसऱ्या दिवशी दसरा. झेंडूचा वर्षातला सगळ्यात मोठा बाजार. उजाडता उजाडता भासरे फाटकाशी सायकलीला टोपल्या बांधत होते. आमचे हे ओट्यावर बसून निंबाच्या काडीनं दात घासत त्यांच्याकडे बघत होते. आमची फुलं पोत्यात तशीच पडलेली. मी म्हटलं, "आपली फुलंबी देऊन टाका ना त्यायच्याजवळ. सुकून जातीन. सणासुदीचं काय धरून बसले?"

हे हसले. ते हसणं मला आवडलं नाही.

"त्याची तरी कोठं बाजारात जाऊन राह्यली? नदीच्या उतारावर समजन त्याले."

"काय समजन?"

"तो पायडल दाबून सायकल थांबवते. आता मांगं माहं फ्रीव्हील हाये. पायडल उलटं दाबलं तं ते नुसतं उलटं फिरन. अन् हाताले तं त्याच्या ब्रेकच नाही. काल लोहार चाक बसवून राह्यला होता, तवाच माह्या ध्यानात आलं."

मला वाटलं थट्टा करतायत. मी त्यांच्या तोंडाकडे नीट पाहिलं. थट्टा नव्हती. आमच्या फाटकापासून मारुतीच्या पारापर्यंत सपाट आणि तिथून थेट नदीपर्यंत घसरण, खाली नदी ओलांडायचा बुटका दगडी रपटा. भरल्या बैलगाडीलाही तिथं चाकाला ओंडका लावावा लागतो.

"मंग सांगा ना त्यायले! अजून हायेत ते फाटकात!"

"मी कायले सांगू? बोलचाल बंद हाये आमची," हे म्हणाले आणि काडी दुसऱ्या दाढेकडे नेली.

ज्याच्या ताटातलं उष्टं मी रोज जेवत होते, तो हा माणूस! मला त्या क्षणी ओट्यावर कोणी परका येऊन बसलाय असं वाटलं. तेवढ्यात फाटक वाजलं. भासऱ्यांनी टांग मारली होती.

मी धावले. पदर कुठे, चप्पल कुठे, काही भान नाही. सायकल खडखडत सपाटीवर चालली होती, चेन मधूनच दात सोडून उडत होती, आणि ते मान खाली घालून जोरानं पायडल मारत होते. मी ओरडले, "अहो! अहो, थांबा!" त्यांनी वळूनही बघितलं नाही. का बघतील? भर रस्त्यात कोणती बाई त्यांना अहो म्हणणार होती? पारावर मामंजी चार माणसांत चहा पीत बसले होते, ती सगळी माझ्याकडे बघू लागली, आणि सायकलीचं पुढचं चाक उताराला लागलं.

"महादेवराव! उडी घ्या! थांबत नाही सायकल!"

माझ्याच तोंडून ते नाव बाहेर पडलं आणि मीच दचकले. त्यांनी वळून पाहिलं. बाईच्या आवाजात आपलं नाव, तेही माझ्या! त्यांचा पाय पायडलावर उलटा पडला असावा, कारण एकदम त्यांच्या तोंडावर भीती उतरली. सायकलीनं वेग घेतला होता. त्यांनी अंग बाभळीच्या कुंपणावर झोकून दिलं. सायकल तशीच एकटी खाली गेली, रपट्याच्या दगडावर आपटून दोन पुरुष उंच उडाली आणि नदीत पडली. पाण्यावर सगळा झेंडू पसरला.

पाय मोडला होता, अंगभर काटे होते, पण जीव होता. माणसं धावली, खाट आली, त्यांना घरी ओट्यावर आणलं. खाटेचा एक पाय आमच्या ह्यांनी धरला होता. ते केव्हा आले ते मला दिसलं नाही. हाड बसवणाऱ्या जानरावाला बोलावलं. त्यानं पाय ओढला तेव्हा भासऱ्यांनी जवळ जो हात सापडला तो घट्ट धरला. तो ह्यांचा होता.

आणि मग जे सुरू झालं ते ऐकून मी सुन्न झाले. मामंजी सगळ्यांना सांगत होते, "भासऱ्याचं नाव घेतलं हो हिनं! भर रस्त्यात! म्हणून पडला." माणसं चुकचुकत होती. माझी जाऊ पार्बताबाई, जिच्या नवऱ्यासाठी मी अनवाणी धावले होते, ती माझ्यासमोर हात नाचवत म्हणाली, "तुह्या जिभीनं माह्या मालकाचं आयुष्य तोडलं गं!" नदीत सायकलीचा चुराडा सगळ्यांनी बघितला होता. ते त्यावर बसलेले असते तर काय झालं असतं, हे कोणाच्या डोक्यात येत नव्हतं. वाटणी करणाराही शहाणा, माहीत असून गप्प बसणाराही शहाणा, आणि गुन्हेगार मी!

खाटेवरून भासरे क्षीण आवाजात बोलले. उभ्या जन्मात पहिल्यांदा माझ्याशी.

"सूनबाई, तुले कसं समजलं का थांबत नाही म्हणून?"

ह्यांनी माझ्याकडे पाहिलं. डोळ्यांनी मला विनवत होते. पण माझा संताप मस्तकात गेला होता, आणि एकदा नाव घेतलंच होतं, आता कशाची लाज!

"यायले कालपासून ठाऊक होतं," मी म्हटलं. "लोहार चाक बसवून राह्यला होता तवापासून. मले आत्ता ओट्यावर सांगतलं."

मामंजी खेकसले, "नवऱ्यावर घेते का?"

भासऱ्यांनी मान हलवली. दुखण्यातही ते हसले, मला समजावल्यासारखे. "घाबरली थे. काहीबी बोलून राह्यली. खुशालले माहीत असतं तं त्यानं सांगतलं नसतं का मले? भांडण झालं म्हणून काय झालं? लहान भाऊ हाये माहा."

कोणीतरी "खरं हाये" म्हटलं. मामंजींनी मान डोलवली. पार्बताबाईनं माझ्याकडे पाठ केली. गोष्ट तिथंच मिटली असती. ह्यांनी नुसतं उभं राहायचं होतं.

"माहीत होतं, दादा," हे म्हणाले.

जानरावाचे पट्ट्या बांधणारे हात थांबले. मामंजींचं तोंड उघडंच राहिलं. भासरे कितीतरी वेळ ह्यांच्या तोंडाकडे बघत राहिले, आता हा पुढे काही म्हणेल म्हणून.

मग जानरावानं पट्टी आवळायला पुन्हा पाय ओढला. भासऱ्यांनी ह्यांचा हात सोडला नाही, कळ येईल तसा आवळतच होते. तोंड मात्र त्यांनी भिंतीकडे फिरवून घेतलं.