जो फोन अजून आलाच नव्हता

मित्रांनो, मी जुना मोबाइल बोलतोय. माझी काच एका कोपऱ्यात तडकली आहे, पाठ फुगली आहे आणि मी आता चालू होत नाही. जुन्या वस्तू आपली कहाणी सांगताना फार सोशिक होतात आणि शेवटी सगळ्यांना माफ करून टाकतात. मी तसा नाही. मी सूड घेतला आहे आणि तो कसा घेतला हे सांगायलाच बसलो आहे.

माझा जन्म एका लांबलचक, पांढऱ्याफेक कारखान्यात झाला. टोप्या घातलेल्या बायकांनी चिमट्याने माझ्या पोटात एकेक भाग बसवला आणि मला खोक्यात निजवलं. पुढे तीन आठवडे मी दुकानाच्या काचेच्या कपाटात उभा होतो. मग शिलाई मशीन दुरुस्त करणाऱ्या एका माणसाने मला विकत घेतलं. सगळे त्याला मिस्त्री म्हणत.

मिस्त्रीची कामाची एक पद्धत होती. मशीन खोलताना एक स्क्रू काढला की माझ्याकडून एक फोटो घ्यायचा. पुढचा भाग काढला की पुढचा फोटो. जोडायच्या वेळी शेवटच्या फोटोपासून उलटं मागे यायचं. एका मशीनला चाळीस-पन्नास फोटो सहज लागत. "पूर्वी हे सगळं डोक्यात ठेवावं लागायचं," तो गिऱ्हाइकांना सांगायचा, "आता हा आहे म्हणून दुकान चाललंय." चारचौघांत असं कौतुक झालं की माझ्या अंगावर मूठभर मांस चढायचं, म्हणजे मला अंग असतं तर चढलं असतं. सहा वर्षं मी त्याला एकदाही चुकीचा फोटो दाखवला नाही.

मग एक दिवस त्याचा मेव्हणा बातमी घेऊन आला. एक नवा फोन येणार होता. येणार होता, म्हणजे आलेला नव्हता. कुणी तो पाहिला नव्हता, हातात धरला नव्हता. तरी मेव्हण्याला त्याची खडान्‌खडा माहिती!

"दाजी, तो पाण्यात पडला तरी चालतो म्हणे. कागदासारखी घडी होते म्हणे. एकदा चार्ज केला की पंधरा दिवस बघायला नको म्हणे!"

मित्रांनो, या माणसाच्या बोलण्यातले 'म्हणे' वेचून काढले तर मागे काही उरत नसे. मी स्वतः फोन आहे. घडी घातल्यावर आतल्या तारांचं काय होईल, हे मला कुणी शिकवायला नको. पंधरा दिवस चालणारी बॅटरी माझ्या सात पिढ्यांत कुणी पाहिली नव्हती. मला पहिल्या दिवसापासून त्या फोनचा संशय होता. पण मला विचारतो कोण? आणि कळस म्हणजे, त्याच्या तारिफेचे हे सगळे व्हिडिओ दोघं माझ्याच पडद्यावर बघत. माझ्याच छातीवर बसून माझीच सवत वाखाणायची, याला काय म्हणावं?

हळूहळू माझी किंमत उतरली. मिस्त्रीने माझं कव्हर काढून त्यात सुया ठेवल्या. मला तेलाच्या डब्याखाली दाबलं. एकदा मी टेबलावरून खाली पडलो, काच तडकली, तर त्याने वाकून बघायलाही वेळ लावला. "किती दिवसांचा सोबती आहे आता," एवढंच म्हणाला. माझी पाठ फुगायला लागली, ती आधी त्याच्या मुलीला दिसली.

"बाबा, याची बॅटरी फुगलीये. बदलून घ्या. नाहीतर फोटो तरी दुसरीकडे उतरवून ठेवा."

"कशाला? नवा फोन याच्या शेजारी ठेवला की सगळं आपोआप त्यात जातं. तुझा मामाच सांगत होता."

जो जन्मालाच आला नव्हता, त्याच्या हवाली माझी सहा वर्षं! त्या क्षणी मी मनाशी खूणगाठ बांधली. मेव्हण्याचा फोन आला की मी वाजायचं बंद केलं. त्याचा फोटो काढला तर नेमकं त्याचं तोंड धूसर यायचं. पण एवढ्याने माझं समाधान होईना. मी मोठ्या दिवसाची वाट बघत राहिलो.

तो फोन जगाला दाखवायचा दिवस उजाडला. चार वाजता कार्यक्रम होता. त्याच सकाळी शिवणकाम करणारी एक मावशी आपलं जुनं मशीन घेऊन आली. तिला दुसऱ्या दिवशी शाळेच्या नाटकाचे अठरा पोशाख द्यायचे होते. सगळं कापड बेतून तयार होतं आणि मशीन अडकलं होतं.

"पाचला घेऊन जा, मावशी," मिस्त्री म्हणाला.

मशीन अवघड होतं. त्रेचाळीस फोटो झाले. बिघाड सापडला, झीज झालेला भाग बदलला, आता फक्त उलट्या क्रमाने जोडायचं राहिलं होतं. तेवढ्यात चार वाजले. मिस्त्रीने हात पुसले, मला चार्जिंगला लावलं आणि कार्यक्रम सुरू केला.

मी तव्यासारखा तापलो होतो. अशा वेळी इशारा द्यायचा, ही माझी नेहमीची सवय. त्या दिवशी मी गप्प राहिलो. पडद्यावरचा माणूस मंचावर आला, टाळ्या झाल्या, मिस्त्री पुढे सरकला. त्या माणसाचा हात खिशात गेला आणि मी कायमचे डोळे मिटले.

मिस्त्री माझ्या नावाने ओरडला. त्याने बटण दाबलं, मला हलवलं, फुंकर मारली. काय सांगू, मला इतका आनंद आयुष्यात झाला नव्हता! मग त्याची नजर खाली गेली. पुढ्यात वर्तमानपत्रावर मावशीच्या मशीनचे भाग पसरले होते आणि कुठला कुठे बसतो, हे त्याला आठवत नव्हतं.

मावशी बरोबर पाचला आली. त्याने सगळं खरं सांगितलं. ती भांडली नाही.

"मग उद्या मुलं काय घालतील हो?" एवढंच म्हणाली.

तिने हाताने शिवले, तरी अकराच पोशाख झाले. सात मुलं घरच्या कपड्यांत नाटकाला उभी राहिली. शाळेने पुढचं काम दुसरीकडे दिलं.

आणि तो फोन? पडद्यावरच्या माणसाने खिशातून रुमाल काढला, घाम पुसला आणि तारीख पुढे ढकलल्याचं सांगितलं. मेव्हण्याने ही बातमी पडेल चेहऱ्याने आणली. माझा संशय अगदी खरा ठरला. पण त्यासाठी मी जळलो, ते कुणाच्या नाकावर टिच्चून? जो नव्हताच, त्याच्या!

मित्रांनो, नवं येणार म्हणून जुन्याला आजच टाकून देऊ नका. त्याच्याकडे काय ठेवलंय, ते आधी नीट उतरवून घ्या. आणि मला विचाराल, तर मिस्त्रीची फजिती मला अजूनही गोड लागते, खोटं कशाला बोलू?

पण परवा मावशी पुन्हा आली. तिचं मशीन मिस्त्रीने अंदाजाने जोडून दिलंय, चाक फिरतं, पण टाका धरत नाही.

"मिस्त्री, तो फोन एकदा बघा ना, चालू होतोय का."

मिस्त्रीने माझं बटण दाबून धरलं. मी होता नव्हता तेवढा जीव एकवटला. ते त्रेचाळीस फोटो माझ्या पोटात आहेत, एकही पुसट झालेला नाही. मावशी माझ्या काळ्या काचेकडे बघत उभी होती.