शांततेचा नमुना

लतिकाबाईंनी सॉफ्टवेअर बदललं ते हौसेने नव्हे, नाइलाजाने. पुण्याच्या एका प्रकाशनासाठी त्या घरबसल्या गोष्टी वाचून रेकॉर्ड करत. उभा जन्म दिल्लीत, पहाडगंजच्या मराठी शाळेत शिकवण्यात गेलेला, त्यामुळे आवाज खणखणीत आणि उच्चार स्वच्छ. निवृत्तीनंतर सरोजिनी नगरचं सरकारी क्वार्टर सोडून नवराबायको इंदिरापुरमच्या फ्लॅटमध्ये आली आणि हे काम सुरू करून दिलं ते दीनानाथांनीच. मागच्या छोट्या खोलीच्या भिंतींना त्यांनी जुन्या रजया ठोकल्या, माइक आणला, लॅपटॉपवर कुठलंसं सॉफ्टवेअर घालून दिलं. कुठली बटणं दाबायची आणि कुठल्यांना हात लावायचा नाही, एवढंच शिकवलं. लतिकाबाई त्यापलीकडे कधी गेल्या नाहीत.

दीनानाथ ज्येष्ठात गेले. दोन वर्षांपासून त्यांची फुप्फुसं कामातून गेली होती. हॉलमध्ये पलंगाशेजारी ऑक्सिजनचं मशीन अष्टौप्रहर घरघरत असायचं. ते गेले, आणि भाड्याचं ते मशीनही आषाढ लागता लागता दुकानातली माणसं येऊन घेऊन गेली. लतिकाबाईंनी पुन्हा वाचायला घेतलं. बसून राहिल्या असत्या तर घर खायला उठलं असतं.

दसऱ्याच्या सुमारास प्रकाशनाकडून नवं पुस्तक आलं. त्यात पात्रं फार, आणि प्रत्येक पात्राचा आवाज वेगळ्या ट्रॅकवर हवा होता. जुन्या सॉफ्टवेअरला ते पेलेना, आणि ते बनवणारी कंपनी कधीच बंद पडली होती. बाईंनी शोधाशोध सुरू केली. एक सॉफ्टवेअर सापडलं ते दरमहा भाडं मागणारं. दुसरं उघडलं तर आत ढोल, गिटारी, पियानो, नुसतं मंडपवाल्याचं गोदाम. त्यात आपला आवाज कुठे घालायचा तेच दिसेना. शेवटी त्यांनी साकेतला फोन केला. साकेत त्यांचा शाळेतला विद्यार्थी. आता चाळिशीला आलेला, नोएडात एका स्टुडिओत साउंडचं काम करणारा. तो एका रविवारी आला, नवा लॅपटॉप लावून दिला, एक साधंसं सॉफ्टवेअर त्यात घातलं आणि म्हणाला, बाई, हे चांगलं आहे, यात तुम्हाला हवं तेवढंच समोर ठेवता येतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी बाईंनी पहिलं प्रकरण वाचलं. ऐकायला म्हणून हेडफोन कानाला लावले.

त्यांच्या आवाजामागे घरघर होती. सलग, खालच्या पट्टीतली. आणि ठरावीक अंतराने एक हलकं फुस्स.

दोन वर्षं त्या आवाजाच्या सोबतीने त्या झोपल्या होत्या. त्यांना ओळख पटवून घ्यायची गरज नव्हती. तरी त्यांनी हेडफोन काढले आणि उठून हॉलमध्ये जाऊन पाहिलं. पलंग होता, चादर ताणलेली होती, मशीनच्या जागी मनीप्लांटची कुंडी होती. घर चिडीचूप होतं.

त्यांनी स्वतःची समजूत घातली. हवा खराब झाली होती, सोसायटीत घरोघरी एअर प्युरिफायर लागले होते. शेजारच्या कल्पनाला विनवून त्यांनी तिचा प्युरिफायर तासभर बंद ठेवायला लावला. फ्रिज बंद केला, इन्व्हर्टर बंद केला, शेवटी मेन स्विच पाडून नुसत्या बॅटरीवर रेकॉर्ड केलं. घरघर हलली नाही. मग वाटलं, नवं सॉफ्टवेअरच सदोष असेल.

साकेत पुढच्या रविवारी पुन्हा आला. त्याने माइक तपासला, वायर बदलली. लॅपटॉप आणि माइक घेऊन खाली सोसायटीच्या लायब्ररीत जाऊन बघितलं. तिथे आवाज अगदी निर्मळ येत होता. परत खोलीत आणलं की घरघर सुरू. मग त्याने जुना लॅपटॉप मागितला. त्याने बराच वेळ मान खाली घालून इकडेतिकडे क्लिक केलं आणि हसून म्हणाला, की काकांनी डोकं चालवलं होतं. या सॉफ्टवेअरला त्यांनी खोलीतल्या शांततेचा नमुना शिकवून ठेवला होता. एकदा काही क्षण नुसतीच शांतता रेकॉर्ड करायची. त्यात जे काही ऐकू येतं ते सॉफ्टवेअर नको असलेलं समजतं आणि पुढच्या प्रत्येक रेकॉर्डिंगमधून वजा करतं. काकांनी नमुना घेतला तेव्हा मशीन चालू असणार. म्हणून बाईंना ते कधी ऐकूच आलं नाही.

"बघा, मी वजाबाकी बंद करतो," तो म्हणाला आणि त्याने एक जुनी फाईल लावली.

स्पीकरमधून बाईंचा आवाज आला आणि त्यामागे मशीन घरघरू लागलं. साकेतने समाधानाने मान डोलावली. मग त्याची नजर स्क्रीनच्या कोपऱ्यातल्या तारखेवर गेली आणि तिथेच राहिली.

"बाई, मशीन परत कधी दिलंत?"

"आषाढात."

त्याने फाईल थांबवली. दुसरी लावली, तिसरी लावली. मग हळूच म्हणाला, "या सगळ्या श्रावण-भाद्रपदातल्या आहेत."

चहा निवून गेला. निघताना दारात बूट घालता घालता साकेतने सांगितलं, की नव्या सॉफ्टवेअरलाही नमुना शिकवता येतो, मिनिटभराचं काम आहे, मग हे पुन्हा ऐकू येणार नाही. करून देऊ का, असं मात्र त्याने विचारलं नाही, आणि बाईंनीही त्याला थांबवलं नाही.

काम तुंबलं. प्रकाशनाचे फोन येऊ लागले. दिवाळीला लेक वैभवी आली, बंगळुरूहून, एकटीच. आई कुठलं सॉफ्टवेअर वापरते हे बघायचं म्हणून ती खोलीत शिरली, हेडफोन चढवले, आणि स्क्रीनकडे बघत सहज बोलून गेली, "आई, बाबांचं मशीन जरा बंद कर ना, रेकॉर्डिंगमध्ये येतंय."

बाई दारात उभ्या होत्या. वैभवीने मान वळवून त्यांच्याकडे पाहिलं, आणि आपण काय बोललो ते तिच्या ध्यानात आलं. तिने हेडफोन असे काढले जणू ते भाजत होते. मग ती आईच्या कुशीत शिरून लहान मुलीसारखी रडली.

रडून झाल्यावर मात्र ती हट्टाला पेटली. हे पुसायचं, आजच. बाईंनी परोपरीने सांगून पाहिलं, की राहू दे, ते मला त्रास देत नाही. वैभवी ऐकेना. "तू इथे एकटी राहतेस आई. मी तिकडे कशी झोपू, सांग?"

बाई खुर्चीत बसल्या, हात मांडीवर घेतले. वैभवीने नमुना घ्यायचं बटण दाबलं आणि दोघी श्वास रोखून गप्प राहिल्या. खोलीत काहीच ऐकू येत नव्हतं. स्क्रीनवर मात्र आवाज दाखवणारी एक बारीक हिरवी रेघ थरथरत होती.

त्यानंतर रेकॉर्डिंग आरशासारखं लख्ख येऊ लागलं. बाईंनी पुस्तक पुरं केलं, फाईली पाठवल्या. प्रकाशनाने कौतुक केलं, आवाज किती स्वच्छ आलाय म्हणून. वैभवी निर्धास्त मनाने परत गेली. बाईंनी ते पुस्तक एकदा शेवटपर्यंत ऐकलं. त्यात त्या एकट्याच होत्या. आपला आवाज इतका कोरडा आहे हे त्यांना माहीत नव्हतं.

मार्गशीर्षात धुकं आणि धूर एक झाले, खिडक्या बंद झाल्या. एका दुपारी बाई त्या खोलीत गेल्या आणि नमुन्याचं बटण बंद केलं. हेडफोन लावले. कामाचं काही नव्हतं, हाताला लागलेलं प्रवासवर्णन घेतलं आणि वाचू लागल्या. घरघर होती. मग हे रोजचंच झालं. भीती वाटत नव्हती असं नाही. एखादं फुस्स यायला उशीर झाला की त्या वाचायच्या थांबत, पूर्वी हातातलं काम टाकून थांबायच्या तशाच, आणि ते आलं की त्या पुढचं वाक्य वाचत. फोनवर वैभवीने विचारलं की त्या सांगत, हो, नवंच वापरते आता, छान आहे.

पौषातल्या एका दुपारी आवाज नेहमीसारखा हॉलच्या बाजूने आला नाही. घरघर दाराशी थांबली होती, आणि श्वास रजया ठोकलेल्या खोलीच्या आतला होता, बाईंच्या खांद्यामागे, नाकातल्या नळीतून ओढून घेतलेला. पुस्तकावरची अक्षरं हलू लागली. हेडफोन काढले असते तर खोलीत काही नसणार, हे त्यांना ठाऊक होतं. त्यांनी काढले नाहीत, मागेही पाहिलं नाही. खुर्ची तेवढी थोडी बाजूला सरकवली, मागे उभ्या असलेल्याला पान दिसावं इतकीच, आणि आवाज जरा खाली आणून त्या पुढे वाचू लागल्या.