भरभर बोलणारी आई

हार्ड डिस्क पाच होत्या. तीन काळ्या, एक निळी आणि एक अशी, जिची केबल जरा वाकवून धरली तरच चालायची. सकाळपासून त्याने त्या एकामागून एक लावून पाहिल्या. त्यांत फरशांच्या कंपनीच्या जाहिराती होत्या, एका दंतवैद्याच्या दवाखान्याची ओळख होती, व्यायामशाळेच्या मालकाच्या मुलाखती होत्या. आईचं रेकॉर्डिंग नव्हतं.

"मिळालं का रे?" वडिलांनी दारातून विचारलं.

"बघतोय."

"किती बघशील? लाजून लपलं असेल ते."

वडील व्हरांड्यात परत जाऊन बसले. त्याची बायको आत मटार सोलत होती. ती हळूच म्हणाली, "सांगून टाक ना त्यांना. नाटक कुणासाठी चाललंय?"

ते नाटकच होतं. रेकॉर्डिंग कुठल्याही डिस्कवर नाही, हे त्याला पहिली केबल लावायच्या आधीपासून माहीत होतं.

नोकरी सोडून त्याने घरी व्हिडिओ संकलनाचं काम सुरू केलं, तेव्हा त्याचा हिशेब सरळ होता. सकाळी काम, दुपारी लेकीचा अभ्यास, संध्याकाळी आईबरोबर बुद्धिबळ. आई पट्टीची खेळाडू, पण एकेका चालीला युगं लावायची. तेवढ्यात तो गिऱ्हाइकाचा एखादा फोन उरकायचा. मग दोन फोन. मग तो पटावरून उठून 'आलोच' म्हणून जायचा आणि परत यायचा तेव्हा आईने सोंगट्या डब्यात भरलेल्या असायच्या. "तुझ्या वाटची चाल मीच खेळले," ती म्हणायची. "तू हरलास."

मग आईला झटका आला. हात सुधारला, बोलणं मात्र अडकलं. शब्द यायचा, पण विहिरीतून बादली यावी तसा. ती थांबायची, समोरचा थांबायचा, मग शब्द वर यायचा. लेक, म्हणजे ठकी, आजीच्या तोंडाकडे टक लावून बसायची आणि शब्द आला की टाळी वाजवायची.

आईच्या आठवणी टिपून ठेवायच्या असं सगळ्यांनी ठरवलं. दोन कामांच्या मधल्या एका दुपारी त्याने कॅमेरा लावला आणि आई एकेचाळीस मिनिटं बोलली. मग तो संकलनाला बसला आणि त्याचा हात आपसूक चालू लागला. गिऱ्हाईक एकच वाक्य बोलायचं, 'जरा घट्ट करा', आणि दहा वर्षांत ते त्याच्या बोटांत भिनलं होतं. पॉज दिसला की काप. आवंढा दिसला की काप. एकेचाळीसची अकरा मिनिटं झाली. सांधा कुठेही दिसत नव्हता. आई झटक्याआधी बोलायची त्याहूनही घडाघडा बोलत होती. आपलं आजवरचं सगळ्यात सफाईदार काम हेच, असं त्याला मनापासून वाटलं.

आईने ते पाहिलं. मग म्हणाली, "ही… कोण… बाई?" आणि हसली.

सगळेच हसले. त्याने ते हसणं म्हणजे पसंती धरली. त्याच्या धंद्याचा नियमच होता, गिऱ्हाइकाने पसंत केलं की कच्चा माल पुसायचा, नाहीतर पुढच्या कामाला जागा कुठली? त्याच आठवड्यात त्याने आईचं मूळ रेकॉर्डिंग पुसलं, कुठे काय कापलं याची फाइलही पुसली.

आई जाऊन आता चार महिने झाले होते. गेल्या रविवारी सगळे आईची ती फिल्म बघायला बसले. दोन मिनिटांत ठकी उठली.

"ही आजी नाहीये."

"असं काय करतेस? आजीच आहे ती," बायको म्हणाली.

"आजी थांबायची," ठकी म्हणाली आणि बाहेर निघून गेली. दुसऱ्या दिवशी वडील म्हणाले, "ते न कापलेलं लावून दे मला."

आठवडाभर तो 'शोधतो' म्हणत राहिला. आता त्याने पाचवी डिस्क काढली आणि व्हरांड्यात गेला.

"बाबा, ते नाहीये. मी पुसलं."

"कधी?"

"तेव्हाच. डिस्कवर जागा हवी होती."

"कशाला?"

"फरशांच्या कामाला."

वडिलांनी चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकाने पुसला, परत घातला. "फार जागा लागते रे फरशांना," ते म्हणाले.

त्याला वाटलं, त्यांनी ओरडावं. ते उठले आणि आत आले.

"लाव तुझी भरभर बोलणारी आई. मध्ये थांबवता येतं ना?"

"येतं."

"मग मी बोट वर केलं की थांबव. खाली केलं की चालू कर. ती कुठे थांबायची ते मला ठाऊक आहे. एकोणपन्नास वर्षं वाट बघितलीये, आणि झटक्यानंतरची दोन तर नुसती बघतच होतो."

त्याने आधी आईच्या रिकाम्या खोलीत माइक ठेवला आणि नुसत्या फिरत्या पंख्याचा आवाज टिपून आणला. मधल्या जागा त्या आवाजाने भरायच्या होत्या.

"चित्र मात्र गोठलेलं दिसेल, बाबा."

"दिसू दे. शब्द शोधताना ती तरी कुठे हलायची?"

आई म्हणाली, "तेव्हा आमच्याकडे." बोट वर गेलं. वडील डोळे मिटून बसले होते, ओठ किंचित हलत होते. बोट खाली आलं. "सायकल." बोट वर. "एकच होती."

फोन वाजला. त्याचा हात सवयीने पुढे गेला.

"घे की," वडील डोळे न उघडता म्हणाले. बोट वरच होतं.

"फरशीवाले आहेत. संध्याकाळी मागतायत."

"मग?"

"उद्या देतो." एवढं फोनवर सांगून त्याने तो बंद केला.

"आता हे परत घे. इथे ती इतकी थांबायची नाही, तू थांबवलंस."

दुपार कलली. ठकी कधीतरी येऊन आजोबांच्या खुर्चीला टेकून बसली होती. एकदा बोट खाली आल्यावर "हं, आता बरोबर," असं तिने मान न वळवता सांगितलं. काही ठिकाणी वडील अडले. "इथलं नाही आठवत," म्हणाले आणि त्याने तिथे काहीच घातलं नाही.

शेवटी आई म्हणाली, "मग आम्ही चालतच घरी आलो."

वडिलांनी बोट वर केलं.

फिल्म तिथेच संपत होती. पुढे वाक्य नव्हतं. तरी पंख्याचा आवाज त्याने चालू ठेवला. पडद्यावर आईचा चेहरा होता. ठकी आजोबांच्या बोटाकडे बघत होती. मग ते सावकाश खाली आलं.

त्याने फाइल जतन केली. एकूण लांबी तेवीस मिनिटं चार सेकंद भरली. त्यातला शेवटचा पॉज एक मिनिट सदतीस सेकंदांचा आहे.