दाराचा मुका टीव्ही

मित्रांनो, आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे तुमची फसगत नको. मी मुका आहे. मी एक जुना, चित्र दाखवणारा दारफोन. माझा एक तुकडा फाटकाच्या खांबावर असतो. त्याला एक डोळा आणि एक बटण आहे. दुसरा तुकडा घरात असतो. त्याला तळहाताएवढा पडदा आणि कानाला लावायचा रिसीव्हर आहे. बाहेरच्याने बटण दाबलं की आत पडदा उजळतो आणि दारात कोण आलं ते काळ्या-पांढऱ्या चित्रात दिसतं. नाक जरा मोठं दिसतं, पण माणूस ओळखू येतो. आता असली यंत्रं गल्लोगल्ली झाली. मी सांगतोय ते एकोणीसशे अठ्ठ्याऐंशी सालचं. तेव्हा नागपुरात माझ्यासारखा दुसरा कोणी असेल, तर त्याची माझी गाठ काही पडली नाही.

जन्म माझा जपानचा. कुवेतला कामाला गेलेल्या एका माणसाने मला ट्रंकेत घालून आणलं. मी काय ऐटीत आलो म्हणून सांगू! आणि नागपूर स्टेशनवर उतरता उतरता ती ट्रंक हातातून निसटली, धाडकन फलाटावर पडली. डोळा वाचला, पडदा वाचला, आवाज मात्र कायमचा गेला. त्या माणसाने कपाळाला हात लावला आणि मला इतवारीत मधुकररावांच्या दुकानात विकून टाकलं.

मधुकररावांचं विजेच्या सामानाचं दुकान. लांबलचक आणि अरुंद, समोर पंखे टांगलेले, मागे अंधारी खोली. त्यांनी माझा डोळा बाहेर दाराशी बसवला आणि पडदा मागच्या खोलीत. पहिले दोन महिने माझी काय चंगळ होती! हातगाडीवाले, कपड्याचे दलाल, भांडी घ्यायला आलेल्या बायका, सगळे रांग लावून टीव्हीत येऊन जायचे. एक जण बाहेर उभा राहायचा, दुसरा आत जाऊन खिदळायचा. पण विकत घ्यायची वेळ आली की रिसीव्हर कानाला लावत आणि म्हणत, "अरे, हा तर बोलतच नाही!" तीन मेकॅनिक झाले. तिघांनीही माझं पोट उघडलं आणि तिघांनीही माना हलवल्या. मग माझ्यावर धूळ बसली, आणि माझ्या रिसीव्हरला कोणीतरी पिशवी अडकवून ठेवायला लागलं. मला फार लागलं ते.

आणि मग एका शनिवारी ती तिघं आली.

पुढे शालिकराम. हिंगण्याच्या कारखान्यात फिटर, आवाज खणखणीत. मागे त्याची मुलगी उत्तरा, शाळेत नुकतीच मास्तरीण झालेली. आणि सगळ्यात मागे तिची आई, बायजाबाई. हिंगणा रोडच्या नव्या प्लॉटांच्या लेआउटमध्ये त्यांचं स्वतःचं घर उभं राहिलं होतं. भिंतींना अजून चुन्याचा वास. दोन महिने सकाळ-संध्याकाळ बादलीने पाणी मारून भिंतींची तराई केली होती ती बायजाबाईने. आता फक्त दाराची घंटी घ्यायची बाकी होती, आणि घरात तिच्यावरून भांडण पेटलं होतं.

"मधुकरराव, घंटी अशी दाखवा, का मुडदाबी उठून बसला पाह्यजे," शालिकराम म्हणाला. "आमची बाई दारच उघडत नाही. आत बसून राह्यते अन् बाहेर मानूस उन्हात वाळून जाते."

"परवा मी अर्धा तास दार ठोकत होते," उत्तरा म्हणाली. तळहात अजून दुखत असावेत, तशी ते चोळत होती. "आई आत तांदूळ निवडत बसलेली. भाड्याच्या खोलीत चाललं एक वेळ. नव्या घरी ती दिवसभर एकटी, शेजार अजून वसायचा आहे. बाबा, हे जमलं नाही ना, तर आईला कामठीला सिंधूताई काकूंकडेच ठेवू."

उत्तरा हे बोलली तेव्हा बायजाबाई तिच्या तोंडाकडेच पाहत होती. तिने पदराचं टोक मुठीत गच्च धरलं.

मधुकररावांनी घंट्या वाजवायला सुरुवात केली. टिंग-टाँग झाली. चिमणीची चिवचिव झाली. शेवटी शालिकरामने कारखान्यातल्या भोंग्यासारखी एक भली दांडगी घंटी निवडली आणि बटण दाबलं. बाप रे! उत्तराने कानात बोटं घातली, समोरचं गिऱ्हाईक दचकून पायरीवरून खाली गेलं. बायजाबाई पाठमोरी उभी राहून भिंतीवरचं कॅलेंडर पाहत होती. ती हललीसुद्धा नाही.

"पाहिलंत?" उत्तरा वैतागून म्हणाली. "लक्षच नसतं तिचं!"

मित्रांनो, मला तेव्हाच कळलं. मुक्याला बहिरं ओळखायला कितीसा वेळ लागतो?

आणि घरच्यांना कसं कळलं नाही, असं तुम्ही विचाराल. तेही सांगतो. बायजाबाईने पंधरा वर्षं कामठीला यंत्रमागाच्या शेडमध्ये सुताच्या कांड्या भरल्या होत्या. तिथे खडखडाट असा, की शेजारणीने कानाशी येऊन ओरडलं तरी ऐकू येऊ नये. मग त्या बायका आवाज न काढताच बोलत. नुसते ओठ हलवायचे. सासवांची गाऱ्हाणी, भाजीचे भाव, थट्टामस्करी, सगळं ओठांवर. त्या खडखडाटाने बायजाबाईचे कान हळूहळू खाल्ले, पण ओठ वाचायची विद्या तिच्यापाशी राहिली. समोर तोंड करून बोललं की तिला अक्षर न् अक्षर कळे. पाठीमागून हाक मारली की ओ नाही. दिवा मालवल्यावर काही विचारलं तर उत्तर नाही. शालिकराम समजे, बाई रुसली.

आता दुसरा नमुना निघाला, नुसता बोलणारा दारफोन. मधुकररावांचा मिस्त्री जयवंता बाहेर गेला आणि बायजाबाईच्या हातात रिसीव्हर दिला गेला. तिने तो कानाला लावला, हसली आणि म्हणाली, "हो जी, बरं हाय, बरं हाय."

जयवंता आत येऊन म्हणाला, "मावशी, मी तं इचारलं, चहा घेता का थंडं?"

सगळे हसले. तीही हसली. पण तिचा चेहरा पार उतरला होता. शालिकराम म्हणाला, "हेच बांधून द्या, मधुकरराव. सवय होईन तिले." आणि मी मनात ओरडलो, अरे नका, नका हो! पण मुक्याचं ओरडणं कोण ऐकणार?

मधुकररावांचा स्वभाव हौशी. सामान बांधता बांधता ते म्हणाले, "जाता जाता एक गंमत तर पाहून जा." त्यांनी माझ्यावरची पिशवी काढली, धूळ पुसली. जयवंताने बाहेर बटण दाबलं. माझा पडदा उजळला आणि जयवंताचं मोठ्या नाकाचं तोंड त्यात आलं. तो काहीतरी बोलत होता. शालिकरामने रिसीव्हर कानाला लावला.

"काहीच येऊन नाही राह्यलं."

"मुका आहे तो," मधुकरराव ओशाळून म्हणाले. "नुसतं तोंड दाखवतो." आणि त्यांनी हात बटणाकडे नेला.

"थांबा जी!" बायजाबाई एकदम पुढे आली. "तो तुमालेच सांगून राह्यला. म्हनते, का हमालानं दुकानासमोर बंडी लावली, गिऱ्हाइकाले आत याले जागा नाही."

मधुकरराव धावत बाहेर गेले. खरंच हो! कांद्याची बंडी, म्हणजे हातगाडी, दाराला आडवी लागलेली!

उत्तरा आईकडे पाहत राहिली. मग ती बाहेर गेली. माझ्या डोळ्यासमोर येऊन उभी राहिली, कपाळावरचे केस मागे सारले आणि आवाज न काढता, नुसते ओठ हलवून विचारलं, "आई, तुला ऐकू येत नाही का गं?"

बायजाबाई पडद्याला नाक लागेल इतकी जवळ गेली. "नाही बाई," ती म्हणाली. "पाच वर्सं झाले."

मी मुका. माझ्यातून ते उत्तर बाहेर गेलं नाही. पोरगी बाहेर, आई काय म्हणते याची वाट पाहत उभीच. ऐकलं ते शालिकरामने. त्याच्या हातातला रिसीव्हर तसाच राहिला.

"पाच वर्सं? अन् मले सांगितलं काहून नाही, बायजा?" त्याने तिचा खांदा धरून तिला आपल्याकडे वळवलं.

"घर बांधून राह्यलो होतो ना आपन," तिचे डोळे भरून आले. "तुमी म्हटलं असतं, भयरी बाई बंद घरात एकटी कशी राहीन? कामठीले ठेवलं असतं मले जाऊबाईपाशी. अन् ज्या भिंतीले मी पानी मारलं, त्या घरात मीच नसती."

तोवर उत्तरा आत आली होती. तिने आईला मिठी मारली आणि रडायला लागली. "मी तुझ्यावर ओरडले गं, आई." आई तिची पाठ थोपटत राहिली. शब्द दिसलेच नव्हते, पण रडणं कळलं होतं.

पण खरी अडचण पुढेच होती. शालिकराम डोकं खाजवत म्हणाला, "तरी पन बायजा, भलताच कोनी आला तं?"

बायजाबाईने डोळे पुसले आणि कंबरेला पदर खोचला. "घ्या परीक्षा! कोनालेबी उभं करा!"

मग काय विचारता, मित्रांनो! इतवारीच्या त्या गल्लीत नुसती धमाल उडाली. बंडीवाला हमाल आला. बायजाबाई म्हणाली, "याची बंडी हालवली म्हनून तुमाले शिव्या देऊन राह्यला. आता सांगू का काय काय म्हनते?" "नका सांगू!" मधुकरराव घाईघाईने म्हणाले. बांगड्यावाली आली, तिने तर चार बोटं दाखवून आपली चार लेकरं सांगितली, आणि त्यांची नावंही बायजाबाईने ओठांवरून ओळखली. एक भांड्यांचा व्यापारी आला तो हिंदीत बोलला. बायजाबाईने तेही ओळखलं आणि आत टाळ्या पडल्या. अडली ती एकाच ठिकाणी. जयवंता परत आला तेव्हा त्याच्या गालात तंबाखू-सुपारीच्या खर्‍याचा हा एवढा तोबरा.

"त्याले म्हना, पहिले थुकून ये!" ती म्हणाली, आणि सगळ्या दुकानात हशा पिकला.

शेवटी शालिकराम उठला आणि स्वतः बाहेर गेला. माझ्या डोळ्यासमोर त्याने टोपी नीट केली, आजूबाजूला पाहिलं, आणि हळूच चार शब्द बोलला. बायजाबाई लाजली आणि तिने पदर तोंडाला लावला.

"काय म्हणाले बाबा?" उत्तराने विचारलं.

"तुह्या कामाचं नाही वं ते."

त्या दिवशी मी विकला गेलो! मुका म्हणून नाही, मुका असूनही नाही. मी त्यांना हवा होतो म्हणून. एवढा आनंद मला जपानच्या कारखान्यात पहिल्यांदा वीज दिली तेव्हाही झाला नव्हता.

जयवंतानेच मला नव्या घरी बसवलं. पडदा स्वयंपाकघरात, चुलीसमोरच्या भिंतीवर. शिवाय प्रत्येक खोलीत लाल झिरोचा बल्ब. बाहेर बटण दाबलं की घरभर लाल. गृहप्रवेशाच्या बुद्धवंदनेच्या दिवशी माणसं आली ती फाटकापासूनच हात उंच करून "जयभीम" म्हणत. बायजाबाई आतून पडद्याकडे पाहून एकेकाचं नाव सांगे. हळूहळू लेआउट वसला आणि सगळ्यांना नियम पाठ झाले. उजेडात उभं राहायचं, खर्रा थुंकायचा, ओठ झाकायचे नाहीत. आणि विजेची लाइन गेली की मी पार आंधळा! म्हणून शालिकरामने फाटकापासून चुलीपर्यंत एक दोरी ओढून तिच्या टोकाला लाल चिंधी बांधली. चिंधी नाचली की दारात कोणीतरी आहे.

माझे लाडही झाले. बायजाबाई रोज पदराने माझा डोळा पुसते. पुढे एकदा जयवंता घाईघाईने आला. "मावशी, सामान मिळालं! आता तुमचा टीव्ही बोलीन!" मी तर थरारून गेलो. इतक्या वर्षांनी आवाज! पण बायजाबाईने मान हलवली.

"राहू दे गा, जयवंता. हा बोलाले लागला, तं लोक तोंड दाखवाचं सोडून देतीन."

आधी मला वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू? मग पटलं. म्हणून मित्रांनो, तुमच्याजवळ एवढंच मागतो. तुमच्या घरात, वर्गात कोणी हाकेला ओ दिली नाही, तर लगेच रागावू नका. एकदा त्याच्या समोर जा, आपलं तोंड त्याला दिसू द्या आणि मग बोला.

आता माझा पडदा अंधुक झालाय. शालिकरामचे केस पांढरे झाले. पण रोज संध्याकाळी फिरून परत आला की तो बटण दाबतो, टोपी नीट करतो आणि दुकानात बोलला होता तेच चार शब्द आवाज न काढता बोलतो. इतकी वर्षं मी गुपित ठेवलं, आज सांगतो. तो म्हणतो, "चाबी तुह्याचपाशी राहीन, बायजा."

आत ती कमरेची चाबी चाचपते, हसते, आणि दार उघडायला उठते.